पिशवीतून रक्तात

पूर्व विदर्भात सिकलसेल हा घरोघरी ठाऊक असलेला आजार आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर या सलग पट्ट्यात कितीतरी कुटुंबांत एखादे तरी मूल असे असते, की ज्याचे सांधे थंडीत दुखू लागतात, डोळे पिवळे दिसतात आणि हिमोग्लोबिन अचानक खाली येते. मग रक्त चढवावे लागते. नातेवाईक रक्तगट जुळवतात, दाता शोधतात, पिशवी हाती येईपर्यंत रक्तपेढीच्या दारात उभे राहतात. रक्तपेढी त्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी करते. तपासणी होते ती रक्ताची. ते ज्या पिशवीत तीन-चार आठवडे राहिले, तिच्यातून रक्तात काय उतरले, हे रुग्णाच्या कागदावर कुठेही नोंदले जात नाही. पुढच्या पानांचा विषय हाच आहे.

रक्ताची नेहमीची पिशवी पॉलिव्हिनाइल क्लोराइडची, म्हणजे पीव्हीसीची असते. शेतातल्या बोअरवेलला घातलेले कडक पाइपही याच पीव्हीसीचे. मूळचे पीव्हीसी कडक आणि ठिसूळ असते. त्याची पिशवी व्हायची, ती दुमडायची, थंडीत तडकायची नाही आणि अपकेंद्री यंत्रात फिरवली तरी फाटायची नाही, तर त्यात मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य मिसळावे लागते. गेली सात दशके हे काम मुख्यतः डायइथाइलहेक्झिल थॅलेट या रसायनाने केले आहे. त्याला सगळे डीईएचपी म्हणतात. पिशवीच्या वजनात त्याचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. म्हणजे जिला आपण प्लास्टिकची पिशवी म्हणतो, तिचा तिसरा हिस्सा खरे तर तेल आहे. हे तेल प्लास्टिकच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते साखळ्यांच्या मधल्या फटींत बसलेले असते आणि बाहेर पडायला वाट मिळाली की बाहेर पडते.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव, त्यामुळे इथल्या वाचकाला ही गोष्ट समजावायला लांब जावे लागत नाही. पितळेच्या हंड्यात पाणी भरून ठेवले तर कोणाची तक्रार नसते. त्याच पितळेच्या बिनकल्हईच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले, की ते कळकते. पातेले तेच, धातूही तोच. फरक पडतो तो आत ओतलेल्या पदार्थामुळे, आणि तो किती वेळ तसाच राहिला त्यामुळे. पितळेच्या बाबतीत आंबटपणा जे करतो, ते डीईएचपीच्या बाबतीत स्निग्धता करते. शुद्ध पाण्यात हे रसायन जवळजवळ विरघळतच नाही. रक्तात मात्र चरबी वाहून नेणारी प्रथिने असतात आणि तांबड्या पेशींची आवरणेही स्निग्ध असतात. पिशवीतले तेल तिकडे ओढले जाते. म्हणून ‘हे प्लास्टिक सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणत्या द्रवासाठी, किती वेळ, किती तापमानाला आणि कोणाच्या शरीरात जाण्यासाठी, हे विचारल्यावरच उत्तर सुरू होते. या विषयावरची बहुतेक भीती आणि बहुतेक बेफिकिरी ही चौकशी न केल्यामुळे आली आहे, असे माझे मत आहे.

डीईएचपीचा हा प्रवास दोन टप्प्यांत होतो. आधी रसायनाचा रेणू प्लास्टिकच्या जाडीतून सरकत पृष्ठभागापर्यंत येतो, मग पृष्ठभाग सोडून द्रवात शिरतो. पहिल्या टप्प्याचे गणित जर्मन शरीरशास्त्रज्ञ अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ साली मांडले. जिथे दाटी जास्त तिथून विरळ जागेकडे रेणू जातात, आणि दाटीतला फरक जितका मोठा तितका ओघ मोठा. दुसरा टप्पा आवडीनिवडीचा आहे. रेणूला प्लास्टिकमध्ये राहणे सोयीचे की द्रवात, यावर तो ठरतो. तापमान वाढले की साखळ्यांची हालचाल वाढते, फटी मोठ्या होतात आणि पहिला टप्पा झपाट्याने पार पडतो. काही द्रव याहून पुढे जातात. ते स्वतःच प्लास्टिकमध्ये शिरतात, त्याला फुगवतात, आणि आत दडलेल्या रेणूंना बाहेरची वाट मोकळी करून देतात. प्रयोगशाळेतला हेक्झेन पीव्हीसीच्या नळीतले डीईएचपी काही तासांत बाहेर काढतो, मिठाच्या पाण्याला ते जमत नाही, याचे कारण हेच.

रक्त पूर्वी काचेच्या बाटल्यांत साठवत. बाटल्या फुटत, त्यांत हवा शिरण्याचा धोका असे, धुऊन पुन्हा वापरताना जंतुसंसर्ग होई. अमेरिकेत कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी १९५०च्या सुमारास प्लास्टिकची पिशवी तयार केली आणि रक्तपेढीचे सगळे कामच बदलले. एका दात्याचे रक्त बंद पिशव्यांच्या जोडणीत फिरवून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करता येऊ लागले. एका दानातून तीन रुग्णांना मदत होऊ लागली. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने स्वतःचे पिशवी-तंत्रज्ञान विकसित करून पेनपोल या कंपनीकडे सोपवले. त्यामुळे आपल्याकडे पिशव्या परवडू लागल्या. या पिशवीने वाचवलेल्या जिवांची मोजदाद होणे अशक्य आहे, आणि तिच्याविषयी पुढे जे लिहिले आहे ते वाचताना वाचकाने हे विसरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वीस वर्षे तिच्यावर कोणी शंका घेतली नाही. मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रुडॉल्फ जेगर आणि रॉबर्ट रुबिन यांना उंदराच्या यकृतातून प्लास्टिकच्या नळ्यांद्वारे द्रव खेळवण्याच्या प्रयोगात एक अनोळखी पदार्थ सापडू लागला. त्याचा माग काढत ते नळीपर्यंत पोहोचले. १९७० साली त्यांनी दाखवून दिले, की पिशवीत साठवलेल्या रक्तात डीईएचपी दिवसागणिक वाढत जाते आणि रक्त घेतलेल्या रुग्णांच्या ऊतींमध्येही ते आढळते. रक्त चार अंशांना थंड ठेवले होते, तरीही हे घडत होते. साठवणीच्या अखेरीस दर १०० मिलिलिटर रक्तामागे काही मिलिग्रॅम इतके ते भरत होते. मिलिग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतो, पण कित्येक गोळ्यांत प्रत्यक्ष औषध तेवढेच असते.

यापुढची गोष्ट मला या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. १९८०च्या दशकात संशोधकांनी डीईएचपी नसलेल्या पिशव्यांत रक्त ठेवून पाहिले, तेव्हा तांबड्या पेशी लवकर फुटू लागल्या. पिशवीतून उतरलेले तेल पेशींच्या आवरणात जाऊन बसत होते आणि त्यांना टिकवून धरत होते. आज सीपीडीए द्रावणात रक्त ३५ दिवस आणि एसएजीएमसारख्या द्रावणात ४२ दिवस ठेवता येते. या मुदतीत, कोणी न ठरवता, त्या झिरपलेल्या रसायनाचाही हातभार आहे. म्हणून सलाइनच्या पिशव्यांतून डीईएचपी हटवणे जितके सोपे ठरले, तितके रक्ताच्या पिशवीतून ठरले नाही. ब्यूटिरिल ट्रायहेक्झिल सायट्रेट आणि डीआयएनसीएच हे पर्याय आहेत, त्यांच्यासाठी साठवणीचे द्रावण बदलूनही पाहिले जात आहे. युरोपीय संघाने वैद्यकीय साधनांमधल्या डीईएचपीवरील बंधनाची तारीख पुढे ढकलून १ जुलै २०३० केली. कॅलिफोर्नियाने २०२४ साली शिरेतून द्यायच्या द्रवांच्या पिशव्या आणि नळ्यांतून ते काढण्याचा कायदा केला, पण रक्ताच्या पिशवीला त्यातून वगळले.

सिकलसेलच्या रुग्णासाठी याचा अर्थ काय? एखाद्या अपघातात दोन पिशव्या रक्त घेणाऱ्या प्रौढाने या रसायनाची चिंता करण्याचे कारण नाही. शरीर ते मोडते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. पण ज्या मुलाला मेंदूच्या झटक्यापासून वाचवण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, त्याचा हिशेब वर्षाला डझनाच्या वर पिशव्यांचा होतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो. थॅलेसेमियाच्या मुलांचेही तसेच. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याचे उद्दिष्ट २०४७ सालापर्यंतचे आहे. तपासणी, समुपदेशन आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध यांवर त्याचा भर आहे आणि तो योग्यच आहे. त्या मुलांच्या कार्डावर आजवर चढवलेल्या पिशव्यांची संख्या आणि प्रत्येक पिशवी किती दिवस जुनी होती, एवढ्या दोन नोंदी जरी वाढवल्या, तरी दहा वर्षांनी कोणाला तरी या प्रश्नाचा अभ्यास करता येईल. त्याला खर्च पेनाच्या शाईचा आहे.

दुसरा, आणि माझ्या मते अधिक तातडीचा, प्रश्न नवजात बाळांचा आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षाला (एसएनसीयू) आग लागली आणि दहा बाळे गेली. त्या दुर्घटनेची कारणे वेगळी होती आणि या पुस्तकाचा तिच्याशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल. पण त्या रात्रीनंतर एसएनसीयू हा शब्द जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात पोहोचला. आत कोण असते, किती लहान असते, किती नळ्यांच्या आधाराने जगत असते, हे लोकांना कळले. एक किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात रक्त असते ते जेमतेम ८०-९० मिलिलिटर. त्याच्या नाकातून पोटात जाणारी दुधाची नळी, शिरेतून जाणारी सलाइनची नळी, श्वासाची नळी, लागलेच तर रक्ताची पिशवी, हे सगळे एकाच वेळी त्याला जोडलेले असते. प्रत्येक नळी मोठ्या माणसाच्या हिशेबाने निर्दोष ठरलेली असेल. बाळाच्या वाट्याला मात्र सगळ्यांची बेरीज येते, आणि तिला भागायचे असते त्या एका किलोने.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली ही बेरीज करून पाहिली. शिरेतून शरीरात जाणाऱ्या डीईएचपीसाठी त्यांनी दिवसाला दर किलो वजनामागे ०.६ मिलिग्रॅम ही सोसण्याजोगी मर्यादा धरली. कावीळ झालेल्या नवजात बाळाचे रक्त बदलताना ही मर्यादा कित्येक पटींनी ओलांडली जाते, असे त्यांना दिसले. पुढच्याच वर्षी त्यांनी रुग्णालयांना सूचना दिली, की मुलग्यांच्या बाबतीत जिथे पर्याय उपलब्ध आहे तिथे डीईएचपी नसलेली साधने वापरावीत. मुलगे का, तर प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे रसायन, नेमके सांगायचे तर शरीरात त्याचे होणारे एमईएचपी हे रूप, नराच्या जननेंद्रियांच्या घडणीत अडथळा आणते. २००५ साली बोस्टनमधल्या दोन नवजात अतिदक्षता विभागांतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना अशी साधने सर्वाधिक जोडलेली होती, त्यांच्या लघवीत एमईएचपीचे प्रमाण सर्वांत कमी साधने जोडलेल्या बाळांच्या सुमारे पाचपट आढळले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्याच राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने, तीव्र उपचार घेणाऱ्या मुलग्यांबाबत ही बाब गंभीर चिंतेची असल्याचे म्हटले. माणसाच्या मुलात उंदराइतकाच परिणाम होतो असे कोणी सिद्ध केलेले नाही. तरीही जिथे पर्याय दुकानात मिळतो, तिथे सिद्धतेची वाट पाहत बसणे मला पटत नाही.

नवजात कक्षातल्या परिचारिकांना या रसायनाचे नाव माहीत नसेल, पण त्याचे काम त्या हाताने ओळखतात. पीव्हीसीची दुधाची नळी काही दिवस पोटात राहिली की काढताना कडक लागते. नवी असताना ती लवचीक होती, मग तिचा मऊपणा गेला कुठे? दूध आणि पोटातला रस यांनी तो ओढून घेतला. पॉलियुरेथेन किंवा सिलिकोनच्या नळ्या जास्त दिवस ठेवता येतात, कारण त्यांचा मऊपणा मिसळलेल्या तेलावर अवलंबून नसतो. या विषयाचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही.

औषधांच्या बाजूनेही हीच कथा आहे. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर या द्रव्यात विरघळवतात. हे द्रव्य पीव्हीसीतले डीईएचपी सणसणून ओढते. त्यामुळे ते पीव्हीसीच्या पिशवीत किंवा नळीत देऊ नये अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच असते. शिरेतून द्यायच्या स्निग्ध पोषण-द्रवाचेही असेच. आपल्याकडे सलाइन बहुधा पॉलिथिनच्या बाटलीत येते आणि तिच्यात मऊपणासाठी तेल मिसळावे लागत नाही. म्हणून बाटली पाहून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. पण बाटलीला लावलेला सेट, ती लांब पारदर्शक नळी, बहुतेक वेळा पीव्हीसीचीच असते. उलटा प्रवासही होतो. छातीत दुखणाऱ्या रुग्णाला दिलेले नायट्रोग्लिसरीन पीव्हीसीची नळी स्वतःत शोषून घेते आणि शिरेत पोहोचते ते ठरवलेल्या मात्रेहून कमी.

डीईएचपी हे या कुटुंबातले फक्त मोठे नाव. रबरी बुचातून गंधकयुक्त संयुगे येतात, प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून घातलेल्या पदार्थांचे तुकडे येतात, निर्जंतुक करताना वापरलेला इथिलीन ऑक्साइडचा अंश उरतो. १९९८ साली युरोपात एरिथ्रोपोएटिन या रक्तवाढीच्या औषधाच्या एका इंजेक्शनातले मानवी अल्ब्युमिन काढून त्याऐवजी पॉलिसॉर्बेट ८० घातले. त्यानंतर मूत्रपिंडाच्या काही रुग्णांत तांबड्या पेशी बनणेच थांबले. पॉलिसॉर्बेटने सिरिंजच्या रबरातून ओढलेल्या पदार्थांवर एक संशय होता, इतरही कारणे पुढे आली आणि वाद मिटला नाही. रबराला टेफ्लॉनचे अस्तर देण्यात आले. साधन पूर्वीचेच होते, बदलला होता आतला द्रव.

आता प्रयोगशाळेकडे. साधनातून काय काय निघू शकते हे पाहण्यासाठी त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या द्रवांत ठेवतात. पाणी किंवा मिठाचे पाणी, अल्कोहोल आणि पाण्याचे मिश्रण, आणि हेक्झेन किंवा वनस्पती तेलासारखा स्निग्ध द्रव. आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याची रीत दिली आहे. ३७ अंशांना ७२ तास, ५० अंशांना ७२ तास, ७० अंशांना २४ तास किंवा १२१ अंशांना एक तास. पातळ साधनाच्या दर सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाला एक मिलिलिटर द्रव. शरीरात कायम राहणाऱ्या साधनाचे निष्कर्षण पुन्हा पुन्हा करतात. नव्या फेरीत पहिल्या फेरीच्या दहा टक्क्यांहून कमी निघेपर्यंत हे चालते. मग वायू आणि द्रव वर्णलेखन, त्यांना जोडलेले वस्तुमान-मापक, धातूंसाठी वेगळे यंत्र. अशा कठोर परिस्थितीत जे निघते त्याला एक्स्ट्रॅक्टेबल म्हणतात. प्रत्यक्ष वापरात, प्रत्यक्ष औषधात किंवा रक्तात जे उतरते ते लीचेबल. वर्तमानपत्रांत या दोघांची गल्लत होते. हेक्झेनने काढलेला आकडा वाचून माणसे घाबरतात, आणि पाण्याने काढलेला आकडा दाखवून विक्रेते त्यांना शांत करतात. दोन्ही वेळा रुग्णाच्या शिरेत जाणारा द्रव कोणता, हे विचारायचे राहून जाते.

हे काम किती जपून करावे लागते तेही सांगायला हवे. डीईएचपी प्रयोगशाळेतच सगळीकडे असते. हातमोज्यात, नळीत, द्रावकाच्या बाटलीच्या झाकणात, हवेतल्या धुळीत. म्हणून साधन न टाकता केवळ द्रावकाचीच चाचणी आधी घेतात, आणि तिच्यात जे दिसेल ते नमुन्याच्या आकड्यातून वजा करतात. ही कोरी चाचणी नसलेला अहवाल वाचकाने सरळ बाजूला ठेवावा.

भंडाऱ्याच्या संदर्भात एक घटक मला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखालच्या साठवणगृहात किंवा उभ्या ट्रकमध्ये त्याहून अधिक ताप असतो. प्रयोगशाळेत घाई करण्यासाठी ५० अंश वापरतात, इथे ते निसर्गच पुरवतो. रिकाम्या नळीत द्रव नसल्यामुळे रसायन जाणार कुठे, असे वाटेल. ते पृष्ठभागावर जमते आणि पहिल्या द्रवाबरोबर उतरते. पवनीच्या किंवा लाखांदुरच्या एखाद्या आरोग्य केंद्रात सेटची खोकी भिंतीपासून दूर, सावलीत आणि वेष्टनावर छापलेल्या तापमानात ठेवणे हे म्हणूनच निव्वळ टापटिपीचे काम नाही.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले आणि १ एप्रिल २०२०पासून सर्व उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आणली गेली. उपकरणामुळे झालेल्या अपायाची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगातून चालतो. पण थॅलेटच्या बाबतीत युरोपात जी सक्ती आहे, की वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक असेल तर ते का वापरले याचे समर्थन द्या आणि वेष्टनावर तसे लिहा, ती इथल्या खरेदीत आपण स्वतःहून मागितली पाहिजे. सरकारी रुग्णालयात कोणती नळी येणार हे खाटेशेजारी ठरत नाही, निविदेच्या अटींत ठरते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळ झालेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीच्या कागदांवरच सगळ्यांचे लक्ष गेले होते. तो प्रकार भेसळीचा होता, हा नाही. पण नवजात कक्षासाठीच्या दुधाच्या नळ्या आणि शिरेच्या सेटपुरती ‘डीईएचपीविरहित’ ही एक अट निविदेत घालणे आजही शक्य आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि सुरुवात एका जिल्ह्यातूनही होऊ शकते.

परिचारिका, रक्तपेढीतले तंत्रज्ञ, औषधनिर्माते आणि भंडाऱ्याच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी मुले हे या पुस्तकाचे पहिले वाचक असावेत, अशी अपेक्षा आहे. ज्यांना रसायनशास्त्राची सवय नाही त्यांनी विसरणाचे, म्हणजे रेणूंच्या सरकण्याचे, गणित सोडून थेट साधनांच्या वर्णनाकडे वळावे आणि वाचताना आपल्या विभागातले एकेक वेष्टन हातात घ्यावे. पीएचटी ही अक्षरे असलेले चिन्ह त्यावर आहे का, साहित्य पीव्हीसी लिहिले आहे की पॉलियुरेथेन, साठवणीचे तापमान काय दिले आहे, हे तिथेच पाहता येईल. सिकलसेलच्या मुलांचे आईवडील हे पुस्तक उघडतील तर त्यांना एक गोष्ट इथेच सांगतो. डॉक्टरांनी सांगितलेले रक्त या पुस्तकामुळे नाकारू नका. मुलाला पुरेसे ताजे रक्त मिळू शकेल का, एवढे मात्र रक्तपेढीत जरूर विचारा.